उपासनागीत आणि पेटीच्या पट्ट्या
मराठी शब्द व पाश्चात्त्य चाल यांच्या मेळाचा इतिहास

१

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव तेरणेच्या परिसरात, किल्लारीच्या शेजारी वसले आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. राजभाषा बदलल्या, सरहद्दी बदलल्या. परंतु जात्यावरची ओवी आणि भजनातला अभंग ही येथील गायनाची दोन मुख्य रूपे टिकून राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली आणि सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. घरे पुन्हा बांधता आली. परंतु जे गाणे कागदावर कधी उतरलेच नव्हते, केवळ एखाद्या वृद्धेच्या कंठात होते, ते तिच्याबरोबर गेले.

या घटनेचा उल्लेख येथे करुणरसासाठी केलेला नाही. गीत कोठे साठविले जाते, हा प्रस्तुत विषयाचा मूळ प्रश्न आहे. शब्द पुस्तकात राहतात. चाल मात्र कोणाच्या तरी कानात, कंठात अथवा बोटांत राहते. मराठी ख्रिस्ती उपासनागीतांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. ही गीते ज्या पुस्तकांतून गायिली जातात त्यांत बहुधा केवळ शब्द छापलेले असतात, आणि चालीचे संपूर्ण ओझे पेटी वाजविणाऱ्यावर पडते. म्हणून पियानो, ऑर्गन अथवा पेटी यांवर पारंपरिक उपासनागीते वाजविण्यास शिकणे ही केवळ संगीतशिक्षणाची बाब नसून भाषेच्या इतिहासाचीही आहे. सास्तूरसारख्या गावात ओवी व अभंग ऐकत वाढलेला विद्यार्थी एखाद्या अशा वाद्यापुढे बसला, तर त्याच्या बोटांपुढे जी अडचण उभी राहील ती बोटांची नसून मराठी शब्दाची असेल. ही अडचण कशी उद्भवली आणि तिची सोडवणूक कोणी कशी केली, याचा विचार पुढे केला आहे.

२

मराठी ख्रिस्ती काव्याचा प्रारंभ इंग्रजी चालींनी झाला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. परक्या धर्माची कथा सांगावयाची, परंतु छंद मात्र ज्ञानेश्वरीच्या परंपरेतला घ्यावयाचा, हा निर्णय स्टीफन्सने जाणूनबुजून घेतला होता. गोव्यातील चर्चमध्ये पाश्चात्त्य सुरावटीचे पद्धतशीर शिक्षणही याच काळापासून रुजू लागले. पुढे तेथील पॅरिश शाळांतून स्वरवाचन, व्हायोलिन व ऑर्गन शिकविण्याची परंपरा शतकानुशतके चालली, आणि विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीताला स्वरलेखन वाचणारे वादक मोठ्या प्रमाणावर याच परंपरेने पुरविले. अर्थात, ओवीबद्ध पुराण आणि स्वरबद्ध उपासना या दोन गोष्टी तेथे शेजारी शेजारी वाढल्या. एकाच गीतात त्यांची गाठ घालण्याचा प्रश्न तेथे तितक्या तीव्रतेने उपस्थित झाला नाही.

तो उपस्थित झाला घाटावर. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस पोचले. १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मिशनचे ठाणे झाले आणि १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. या मंडळींची उपासना न्यू इंग्लंडच्या चर्चमधील होती, आणि तिच्यात सामुदायिक गायनाला प्रवचनाखालोखाल स्थान होते. साहजिकच इंग्रजी गीते मराठीत आणून त्यांच्या मूळ चालींवर गाण्याचा प्रघात पडला.

या इंग्रजी गीतांची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. आयझॅक वॉट्सने १७०७ साली आपला गीतसंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हापासून बहुसंख्य गीते मोजक्या मापांत बांधली जाऊ लागली. त्यांपैकी ‘सामान्य माप’ म्हणजे ८, ६, ८, ६ अक्षरांच्या चार ओळी, ‘दीर्घ माप’ म्हणजे ८, ८, ८, ८, आणि ‘ऱ्हस्व माप’ म्हणजे ६, ६, ८, ६. शब्द व चाल यांचा संबंध यात कायमचा नसे. एका मापाचे कोणतेही गीत त्याच मापाच्या कोणत्याही चालीवर गाता येई, आणि म्हणून चालींना शब्दांपासून वेगळी स्वतंत्र नावे असत. जॉन न्यूटनचे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत १७७९ साली प्रसिद्ध झाले; परंतु आज जी चाल त्याच्याशी अभिन्न वाटते ती त्याला १८३५ साली अमेरिकेतील एका संग्रहात प्रथम जोडली गेली. सारांश, माप जुळले की चाल जुळली, हा इंग्रजीतील व्यवहार होता. मराठीतही अक्षरे मोजून घेतली म्हणजे काम भागेल, असे अनुवादकांस वाटले असल्यास नवल नाही.

३

परंतु काम भागले नाही. त्याची कारणे भाषेच्या घडणीत आहेत.

इंग्रजी शब्दात आघाताला अर्थभेदक महत्त्व आहे, आणि इंग्रजी गीताची ओळ बहुधा दुर्बल–सबल, दुर्बल–सबल अशी चालते. ओळीच्या आरंभीचे दुर्बल अक्षर चालीच्या पहिल्या ठोक्याआधी, जणू उंबरठ्यावर, उच्चारले जाते. खरा ठोका दुसऱ्या अक्षरावर पडतो. इंग्रजीत ही सोय सहज होते, कारण त्या भाषेत उपपदे, शब्दयोगी अव्यये व उभयान्वयी अव्यये नामाच्या आधी येतात. ती स्वभावतःच दुर्बल असतात आणि त्या उंबरठ्यावर निमूटपणे बसतात.

मराठीची व्यवस्था याच्या उलट आहे. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाच्या शेवटी लागतात: ‘देवाला’, ‘कृपेने’, ‘क्रुसाजवळ’. ओळीच्या प्रारंभी जो शब्द येतो तो बहुधा अर्थवाहक असतो आणि त्याचे पहिले अक्षर त्याचा कणा असतो. असा शब्द उंबरठ्याच्या चालीवर ठेवला की ‘दे’ हे अक्षर घाईने निसटते आणि ठोका ‘वा’वर आदळतो. ऐकणाऱ्याला शब्द कळण्याआधी प्रत्यय ऐकू येतो. मराठीच्या मात्रावृत्तांत पहिल्या टाळीपूर्वी एक-दोन मात्रा सोडण्याची सोय आहे, हे खरे. तथापि प्रत्येक ओळीत ती अपरिहार्य नसते, आणि तेथे कोणता शब्द ठेवावयाचा हे कवीच्या हाती असते. अनुवादकाच्या हाती ते स्वातंत्र्य नव्हते.

दुसरे कारण अंत्य अकाराचे. बोलण्यात ‘देव’ हा शब्द एकाक्षरी आहे, ‘तारण’ द्व्यक्षरी. गाताना, विशेषतः अभंग-ओवीत, ‘दे-व’ व ‘ता-र-ण’ अशी लिहिल्याप्रमाणे अक्षरे धरली जातात. मग इंग्रजी चालीच्या आठ स्वरांखाली मराठीची आठ अक्षरे मांडताना ‘देव’ला एक स्वर द्यावयाचा की दोन? पुस्तक या प्रश्नाचे उत्तर देत नाही. एकाच बाकावर बसलेली दोन माणसे दोन प्रकारे गातात आणि पेटीवाल्याची बोटे मध्येच अडखळतात.

तिसरे कारण लघु-गुरूंचे. ‘करुणा’ या शब्दात दोन लघूंनंतर एक गुरू येतो. चालीने ‘क’ला दीर्घ स्वर दिला तर शब्दाचा चेहरा बदलतो. अक्षरसंख्या जुळूनही कालमान जुळत नाही, ते यामुळे.

माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचने’त (१९३७) मराठी पद्याचे वृत्त, जाती व छंद असे जे वर्ग केले, ते येथे फार उपयोगी पडतात. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची आवर्तने ठरलेली, आणि छंदात केवळ अक्षरसंख्या ठरलेली असून लघु-गुरुभेद उच्चारात मावळतो. अभंग व ओवी या तिसऱ्या वर्गातील. मोठ्या अभंगाची चरणयोजना ६, ६, ६, ४ अक्षरांची. लहान अभंगाचे चरण आठ-आठ अक्षरांचे. आकड्यांपुरते पाहिले तर लहान अभंग व इंग्रजी दीर्घ माप यांत भेद नाही. परंतु इंग्रजी आठात सबल-दुर्बलांची आळीपाळी आहे. अभंगाच्या आठात सर्व अक्षरे समान तोलाची असून ठोका कोठे घ्यावयाचा हे टाळकरी ठरवितात. जेथे सर्व अक्षरे समान आहेत तेथे चाल शब्दाला दुखवीत नाही. अभंग आणि ओवी यांच्याकडे मराठी ख्रिस्ती कवी पुन्हा पुन्हा का वळले, याचे एक उत्तर या छंदोविचारात सापडते.

४

भाषेच्या जोडीला वाद्याच्या घडणीचाही विचार केला पाहिजे.

पियानो सुमारे १७०० साली फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने सिद्ध केला. तो जड असतो, हवामानाने बेसूर होतो आणि त्याचा सूर लावणारा कारागीर खेड्यात मिळत नाही. म्हणून पियानो मोठ्या शहरांतील चर्चच्या सभागृहांत व घरांत राहिला, आणि मुलखात फिरणाऱ्या उपदेशकांबरोबर गेली ती पायपेटी. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात अलेक्सांद्र देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. अमेरिकन गायक आयरा सँकी याने १८७३ पासून ड्वाइट मूडीबरोबर ब्रिटनमध्ये ज्या सभा गाजविल्या, त्यांत तो स्वतः छोट्या पायपेटीशी बसून गात असे. त्याच्या संग्रहातून पसरलेल्या ‘गॉस्पेल’ गीतांत कडव्यानंतर सर्वांनी म्हणावयाचे पालुपद असे. चाल सोपी, पालुपद ठरलेले, स्वरसंघ तीन-चार: सामान्य माणसाने एकदा ऐकून उचलावे असा हा घाट होता.

पायपेटीत भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. दोन हातांत मिळून चार सूर धरता येतात: वरचा स्त्रीस्वर, खालचा स्त्रीस्वर, वरचा पुरुषस्वर व खर्ज. पाश्चात्त्य उपासनागीत मुळात याच चार स्वरपंक्तींचे असते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातपेटी प्रचारात आणली, आणि चित्र पालटले. हातपेटी जमिनीवर मांडी घालून वाजविता येते, बैलगाडीतून नेता येते. परंतु तिचा भाता एका हाताने हलवावा लागतो. उरलेल्या एका हाताने चार स्वरपंक्ती सांभाळणे दुर्घट. तो हात मुख्य चालच वाजवितो. अशा रीतीने, कोणी ठराव न करता, चार सुरांचे गीत एका सुराचे झाले. आपल्या संगीताची प्रकृती एकस्वरपंक्तीचीच असल्याने मराठी मंडळीला यात काही हरवल्यासारखे वाटले नसावे; उलट गीत आपल्या घरी आल्यासारखे वाटले असावे.

याच सुमारास मराठी रंगभूमीनेही पेटीला आश्रय दिला. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) संगीत नाटकाचे युग सुरू झाले; पुढे गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी हार्मोनियमला प्रतिष्ठा दिली आणि गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गनचा भरदार सूर नाट्यपदांशी एकरूप झाला. ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ असे पट्टीचे बोल महाराष्ट्रात जे रूढ झाले, ते पेटीच्या पट्ट्यांवरूनच.

पेटीवर आक्षेपही आले. तिचा स्वरसप्तक समविभाजित आहे. स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंट अंतरावर असतो, पेटीचा गंधार ४०० सेंटवर. पंचमातील फरक मात्र अवघा दोन सेंटचा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपले विवेचन प्रसिद्ध केले, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियम घडविण्याचा प्रयत्न झाला. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये शिथिल झाली. या वादाचा उपासनागीतांशी निकटचा संबंध आहे. चार सुरांच्या पाश्चात्त्य गीतात समविभाजित गंधार खपून जातो, कारण इतर सूर त्याला झाकतात. अभंगात मींड व आंदोलन हवे असते आणि तेथे तोच गंधार उघडा पडतो.

५

शब्द आणि चाल यांतील विसंगतीवर उपाय दोन प्रकारचे होते. शब्द चालीसाठी वाकवावयाचे, किंवा चाल शब्दासाठी बदलावयाची. पहिला उपाय अनुवादकांनी केला. दुसरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी स्वीकारला. कृष्णराव रत्नाजी सांगळे व त्यांचे सहकारी यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा उपक्रम चालविला. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, ओवी, साकी, दिंडी, पदे ही सर्व सामग्री बायबलातील कथांसाठी वापरली गेली. जो श्रोता चर्चमध्ये परक्या चालीपुढे गप्प बसे, तोच कीर्तनात धृपद उचलून धरी.

या प्रवाहाला उच्च काव्याची जोड मिळाली ती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यामुळे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला; पुढे अहमदनगर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा भाव होता. तो छंदाच्या दृष्टीनेही अक्षरशः खरा आहे. त्यांनी अभंग, ओवी व पदे विपुल लिहिली आणि ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले. त्यांच्या निधनानंतर ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले. ‘उपासना-संगीत’ या मराठी मंडळीच्या गीतपुस्तकात टिळकांच्या रचनांना मोठे स्थान मिळाले. त्यामुळे एकाच पुस्तकात अनुवादित गीत व अस्सल अभंग शेजारी बसले, आणि पेटीवाल्याला दोन व्याकरणे एकदम शिकणे भाग पडले.

टिळकांनी इंग्रजी चाली हद्दपार केल्या, असे समजणे चूक होईल. नाताळची व पुनरुत्थानदिनाची कित्येक गीते मूळ चालींवरच मंडळीच्या जिव्हाळ्याची झाली व राहिली. टिळकांचे कार्य निराळे आहे. मराठी शब्द प्रमाण धरून उपासना होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. त्यानंतर इंग्रजी चाल ही अपरिहार्यता न राहता निवड झाली.

६

या इतिहासावरून शिकणाऱ्याच्या मार्गाविषयी काही अनुमाने काढता येतात.

अनुवादित गीत वाजविताना प्रथम तीन स्वरसंघ हाताखाली आले पाहिजेत: सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें. पारंपरिक गीताचा फार मोठा भाग या तिहींत बसतो. पंचमाच्या संघावरून षड्जाच्या संघावर येणे म्हणजे वाक्याचा पूर्णविराम. मध्यमाच्या संघावरून षड्जावर येणे म्हणजे ‘आमेन’चा परिचित विसावा. खर्जाची पंक्ती डाव्या हाताने स्वतंत्रपणे बसवावी, मग तिच्यावर चाल ठेवावी आणि मधल्या दोन पंक्ती शेवटी भराव्यात. पायपेटीत पट्टी दाबलेली असेपर्यंत सूर टिकतो. म्हणून तोच स्वर दोनदा आला तर बोट उचलल्याविना दुसरे अक्षर ऐकू येत नाही. पियानोचा सूर आपोआप विरतो. तेथे प्रश्न सूर तोडण्याचा नसून जोडण्याचा असतो. आणि दोन्हींवर ओळीच्या शेवटी मंडळीला श्वास घेण्याइतका अवकाश दिला पाहिजे.

मापांतही निवड करता येते. ८, ७, ८, ७ या मापाच्या इंग्रजी गीतांची ओळ बहुधा सबल अक्षराने सुरू होते, आणि तिच्या चालीचा ठोका पहिल्याच अक्षरावर पडतो. मराठी शब्दाच्या कण्याला तो मानवतो. म्हणून मराठी शिकाऊ वादकाने आरंभ अशा चालींनी करावा आणि उंबरठ्याच्या चालींकडे नंतर वळावे, हे भाषेच्या दृष्टीने सयुक्तिक ठरते.

अभंग वाजविताना मात्र हे सारे बाजूला ठेवावे लागते. डाव्या हाताने सा-प एवढाच आधार धरावा. गंधार घालून रागाचा रंग पुसू नये. आठ मात्रांचा भजनी ठेका कानात ठेवून उजव्या हाताने गायकाच्या मागे जावे, आणि चरण संपल्यावर जी जागा मोकळी राहते ती लहानशा सुरावटीने भरावी.

या ठिकाणी दूरच्या एका परंपरेचे स्मरण होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांत, पुस्तके व अक्षरओळख दुर्मिळ असल्याने, एकाने ओळ म्हणावयाची व सर्वांनी ती आळवून गावयाची अशी पद्धत होती. वॉट्सची दीर्घ मापाची गीते त्यांनी या रीतीने पार बदलून टाकली. पुढे १९२६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ॲरिझोना ड्रेन्स या अंध वादिकेने, आणि १९३० च्या दशकात शिकागोच्या थॉमस डॉर्सीने, पियानोला त्या गायनात बोलते केले. दोन ओळींमधील रिकाम्या जागेत पियानोने उत्तर द्यावयाचे, ही त्या शैलीची खूण. बुवाने चरण म्हणावा, टाळकऱ्यांनी तो झेलावा आणि मधली जागा पेटीने भरावी, ही आपल्या भजनाची रीत तिच्याहून फार निराळी नाही. दोघांचा परस्परसंबंध नाही. परंतु दोन्हीकडे छापील गीत लोकांच्या तोंडी पडले आणि लोकांनी ते आपल्या भाषेच्या चालीने चालविले. ‘गॉस्पेल’ वाजविण्याची गुरुकिल्ली मराठी मुलाला शिकागोत शोधावी लागत नाही; गावच्या भजनातल्या पेटीवाल्याशेजारी बसले तरी तिचा अर्धा भाग हाती येतो.

७

हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी पुण्याहून चालविलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. शब्द लिहून ठेवावेत आणि आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावा, ही दृष्टी त्यामागे होती. मराठी उपासनागीतांच्या चालींना हीच दृष्टी हवी आहे. शब्दांचे पुस्तक वारंवार छापले जाते. परंतु एखाद्या मंडळीत टिळकांचा अभंग कोणत्या चालीवर गायिला जातो, ‘देव’ला एक स्वर मिळतो की दोन, ओळीचा ठोका कोठे पडतो, हे त्या मंडळीच्या पेटीवाल्यालाच ठाऊक असते. त्याच्यामागे शिकणारा कोणी नसेल तर त्याच्याबरोबर ते नाहीसे होते. त्याला भूकंपच व्हावा लागतो असे नाही.

म्हणून या वाद्यावर बसणाऱ्याने पहिला धडा पट्ट्यांवर घेऊ नये. गीताचे शब्द प्रथम मोठ्याने वाचावेत. मग टाळी देत म्हणावेत. कोणते अक्षर टाळीवर येते आणि कोणते तिच्या आधी निसटते ते खुणेने लिहून ठेवावे. आणि मगच बोटे पट्ट्यांवर ठेवावीत. असा खुणा केलेला एकेक कागद हा भाषेच्या अभ्यासकालाही उपयोगी पडणारा पुरावा आहे, आणि मंडळीच्या पुढच्या पेटीवाल्यालाही.